खांद्यात अडकलेला हप्ता

कापसाची दुसरी वेचणी सुरू आहे. संध्याकाळी वावरातून परतणाऱ्या बायांचे खांदे पाहावेत. ओटी सुटलेली, कापूस मोजून झालेला, हात रिकामे, तरी खांदे कानांकडे ओढलेलेच. माणसांचं तेच जबड्यात दिसतं. अर्थात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याचा जबडा दुखला तर आधी खर्र्याचा विचार करावा, दुःखाचा मग. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील, तर तो मनाचा मामला नाही; सरळ दातांच्या डॉक्टरला दाखवावं.

‘आठवणी स्नायूंत साठतात’ हे वाक्य हल्ली मोबाइलवर फार फिरतं. शब्दशः घेतलं तर ते चूक. स्नायूच्या तंतूत मयतीचा दिवस किंवा सावकाराचा आवाज ठेवायला जागा नाही. ते काम मेंदूचं. पण मेंदूतली प्रत्येक आठवण सांगता येण्यासारखी नसते. १९११ साली जिनिव्हाच्या क्लापारेद या डॉक्टरनं एक प्रयोग लिहून ठेवला. विस्मरणाच्या एका रुग्ण बाईशी हात मिळवताना त्यानं बोटांत टाचणी लपवून तिला टोचली. पुढे तिला टोचल्याचं काही आठवेना, पण पुन्हा हात पुढे केला तर तिनं आपला मागे घेतला. (असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.) प्रसंग पुसला गेला, हात आखडायचा हुकूम मात्र शाबूत राहिला.

खांद्याचं असंच होतं. धोक्याची चाहूल लागली की मेंदू मान, खांदे, जबडा, पोट आवळून धरायला सांगतो. स्नायूच्या आत ताण मोजणाऱ्या बारीक यंत्रणा असतात. भीतीत त्यांची संवेदना वाढवली जाते, म्हणून थोडं ताणलं तरी स्नायू उलट ओढतो. धोका टळला तर हे उतरतं. पण बँकेचा हप्ता टळत नाही, अवकाळीची धास्ती रोजची. त्यात हलक्या कामाला जे छोटे तंतू आधी लागतात तेच शेवटी सुटतात, असं मानलं जातं. सकाळी पहिला जुंपलेला आणि रात्री शेवटी सोडलेला बैल म्हणा. वजन न उचलताही खांदा भरून येतो तो यामुळे.

हे हाताला कळतं. समोरच्याला बसवून, विचारून, मान आणि खांद्याच्या मधल्या उंचवट्यावर अंगठा अलगद ठेवावा. आधी पिकापाण्याचं बोलावं, मग हप्त्याचं. बऱ्याच जणांचा उंचवटा अंगठ्याखाली वर येतो, श्वास छातीतच थांबतो, आणि त्या माणसाला याचा पत्ताही नसतो. तेव्हा ‘काकाजी, खांदे ढिले सोडा’ म्हणून उपयोग नाही. कुठे आवळलंय हेच कळत नसेल तर सोडणार काय?

म्हणून आधी मुद्दाम आवळायचं, मग सोडायचं. ही रीत शिकागोच्या एडमंड जेकबसन या डॉक्टरनं १९२९ साली मांडली. आज वापरतात ती तिची आटोपशीर आवृत्ती. बाजेवर नको, ती मधे झोळ खाते. जमिनीवर सतरंजी, गुडघ्यांखाली गोधडीची गुंडाळी. उजवी मूठ ५ ते ७ सेकंद आवळायची, पूर्ण जोरानं नाही, निम्म्याहून थोड्या जास्त. मग एकदम सोडायची. हळूहळू सोडली तर फरक जाणवत नाही. पुढचे २० ते ३० सेकंद फक्त त्या हाताकडे लक्ष. नंतर डावी मूठ, दंड, कपाळ, डोळे, जबडा, खांदे कानांपर्यंत, पोट, मांड्या, पोटऱ्या. पोटरीसाठी पावलं आपल्याकडे ओढावीत. बोटं पुढे ताणली की दिवसभर उन्हात राबलेल्या पायात हमखास गोळा येतो. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं.

बिघडतं ते बहुधा श्वासात. मूठ आवळली की लोक श्वास कोंडतात आणि दातही आवळतात. श्वास चालू ठेवावा, सोडताना घेण्यापेक्षा लांब: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. ओठ मिटलेले, दातांत दोन-तीन मिलिमीटर फट. दुखऱ्या, सुजलेल्या जागी आवळू नये. आणि जोरजोरात रगडणं तर नकोच. दुखलं की स्नायू पुन्हा राखण करायला लागतो. कोमट तेल, हलका हात आणि पंधरा मिनिटं गरम फडकं पुरतं.

पोट आणि छाती सोडताना कधी कुणाला रडू येतं. म्हणजे कुठल्या गाठीतून दुःख बाहेर पडलं असं नव्हे. रडू दाबायला श्वास कोंडावा लागतो. तो मोकळा झाला की दाबलेलं वर येतं. अशा वेळी ‘काय झालं मावशी’ म्हणून खोदू नये. पाणी द्यावं, डोळे उघडे ठेवायला सांगावं, पाय जमिनीला लागलेले असावेत. डोळे मिटताच घाबरणाऱ्यानं ही रीत बसूनच, उघड्या डोळ्यांनी करावी, तीही फक्त हातांपुरती.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, सोबत घाम किंवा दम असेल तर आवळणं-सोडणं करत बसू नये. १०८ ला फोन. झोप उडाली, जेवण तुटलं, जगावंसं वाटत नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला एकटं सोडू नये आणि १४४१६ लावावा. ही टेलिमानसची, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी मोफत फोनसेवा आहे, मराठीत बोलता येतं. बाकीच्यांनी झोपण्याआधी करावं. मधेच झोप लागली तर उरलेल्या पोटऱ्या उद्या.