आरसा निवला, की तंबोरा

मार्गशीर्ष अमावास्येजवळच्या शनिवारी मंडळाचं आकाशदर्शन असायचं, वेल्ह्याच्या अलीकडे, भाताची झोडणी आटोपलेल्या एका खळ्यावर. दक्षिण मोकळी मिळावी म्हणून ती जागा सरांनी निवडलेली. पुण्याची उजळी ईशान्येला राहायची. गाडी पोचली की चहाच्या आधी ते दोन वस्तू उघड्यावर काढायला लावत: सहा इंची दुर्बीण आणि नंतरच्या गाण्यासाठी तंबोरा. “दोघांनाही निवू द्या.”

गाडीतून आलेला दुर्बिणीतला आरसा बाहेरच्या हवेपेक्षा ऊन असतो. त्याच्यावरून गरम हवा उठत राहते आणि तारा उकळत्या पाण्यातून पाहावा तसा थरथरतो. निवायला तासभर सहज जातो. सरांची खूण पक्की होती. मृगातल्या तेजोमेघावर दुर्बीण धरायची, शंभरपट मोठं करायचं. त्याच्या पोटातले चार बारके तारे सुटे दिसले की झालं. भिंगावर दव बसलं तर फुंकर नाही आणि रुमाल तर नाहीच. फुंकरीने वाफ वाढते, रुमालाने चरे पडतात.

तंबोऱ्याचंही तसंच. थंडीत तारा आखडतात, स्वर चढतो. पोलादी आणि पितळी तारा सारख्या आखडत नाहीत, त्यामुळे खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा स्वर, वेगळाच सरकतो. घरून लावून आणलेला तंबोरा म्हणूनच इथे बेसूर लागायचा. तबल्याचं उलट: दवाने पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, तबला उतरतो. तो घोंगडीत गुंडाळून शेकोटीपासून चार हात लांब ठेवायचा; फार शेकला तर पुडीवरची काळी शाई तडकते. शेकोटी भिंतीच्या आड, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका उजेडात सगळं वाया जातं. बॅटऱ्यांवर लाल जिलेटीन असायचं.

मध्यरात्रीच्या सुमारास अगस्त्याचा तारा दक्षिणेला पुरता वर येई. हात लांब करून मूठ धरली तर दहा अंश. अगस्त्य क्षितिजापासून दोन मुठींना जरासा कमी. मग सर सगळ्यांना पाठमोरं वळायला सांगत. उत्तरेला ध्रुव, जवळजवळ तेवढ्याच उंचीवर! आपल्या अक्षांशाची ही देणगी त्यांना फार प्रिय होती. दरवर्षी तितक्याच आनंदाने दाखवत.

त्यानंतर दुर्बिणीला झाकण. मालकंस रागात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमाला उतरवायची, घोडीवर तारेखाली असलेला जवारीचा दोरा केसभर सरकवून पाहायचा. खुंटी पिळताना सरांचा कान भोपळ्याला टेकलेला असे आणि नजर अगस्त्यावर.