आमची वाटचाल : सकाळचा अर्धा तास

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या सगळ्यात मोठ्या कस्टमरचा फोन आला की पुढच्या महिन्याचं शेड्यूल निम्म्यावर आणलंय. फोन ह्यांनी घेतला, ठेवला आणि मशीनपाशी जाऊन उभे राहिले, मला काही बोललेच नाहीत. त्या महिन्यात देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त पडली होती, एकीकडे बीएस-६ ह्या गाड्यांच्या धुराच्या नव्या नियमांची १ एप्रिल २०२० ही तारीख डोक्यावर, दुसरीकडे गाड्यांना कर्ज मिळायचं अवघड झालेलं, आणि ह्या सगळ्याच्या टोकाला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा भोसरी एमआयडीसीतला आमचा एक गाळा, दोन सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारी लेथ), एक ड्रिलिंग मशीन आणि सात माणसं.

मी बी.कॉम., हे डिप्लोमा मेकॅनिकल. शॉप हे बघतात, ऑफिस म्हणजे बिलं, चलन, जीएसटी, पगार, कोटेशन असं सगळं माझ्याकडे. शेड्यूल कमी झालं तसा मला दुपारचा वेळ मिळायला लागला आणि रिकामा वेळ वाईट असतो, बँकेचा हप्ता किती आणि खात्यात किती हेच दिवसातून चार वेळा बघायचे. गणपतीत बहिणीचा मुलगा आला होता, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता तो तेव्हा, माझी एक्सेलची शीट बघून म्हणाला, "मावशी, तू हे दर महिन्याला हाताने करतेस? पायथन शिक ना, प्रोग्राम लिहायची भाषा आहे, रोज अर्धा तास बस फक्त." १२ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, गुरुवार, म्हणजे भोसरीत तशीही सुट्टी. त्या दिवशी त्याने ऑफिसचा जुना कॉम्प्युटर घरी आणून सगळं इन्स्टॉल करून दिलं आणि १३ तारखेपासून मी पहाटे साडेपाचला बसायला लागले.

एक गोष्ट मी पहिल्या दिवशीच ठरवली, की शिकण्यासाठी शिकायचं नाही, जे करायचं ते आपल्याच गाळ्यातलं. एक दोनशे पानी रजिस्टर घेतलं, रोज तारीख टाकून दोन ओळी, आज काय लिहिलं आणि कुठे अडलं. पहिला महिना फार कठीण गेला. १२ आणि ५ ची बेरीज १२५ यायची, कारण फाईलमधून वाचलेला आकडा हा आकडा नसतो, अक्षरं असतात, हे कळायलाच दोन सकाळी गेल्या. पण ऑर्डर येणं आपल्या हातात नव्हतं, हे अर्ध्या तासाचं होतं, आणि त्या दिवसांत मला ह्याचा किती आधार वाटला ते खरंच सांगता येत नाही.

पहिलं उपयोगाचं काम झालं ते जीएसटीचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम आला की सप्लायरने पोर्टलवर दाखवलेल्या बिलांच्या क्रेडिटपेक्षा (म्हणजे खरेदीवर भरलेला टॅक्स, जो आपल्या टॅक्समधून वजा होतो) फार तर २० टक्केच जास्त घेता येईल, जानेवारीत ते १० टक्के झालं. आमचे बरेच सप्लायर छोटे, तीन महिन्यांनी रिटर्न भरणारे, म्हणजे आम्ही टॅक्स देऊन बसलेलो आणि क्रेडिट अडकलेलं. आमची खरेदी आणि जीएसटीआर-२ए, म्हणजे सप्लायरने दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, हे जुळवायला मला दोन दिवस लागायचे, कारण आमच्याकडे बिल नंबर ००४५ आणि तिकडे ४५, कुठे १/१९ लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. प्रोग्राममध्ये मी नंबरातले पुढचे शून्य आणि रेघा काढून, जीएसटी नंबर आणि रक्कम लावून जुळवलं, तरी न जुळलेली बिलं वेगळी काढली आणि त्या त्या सप्लायरला त्याच दिवशी फोन केले. ऐन मंदीत अडकलेले ते पैसे सुटले तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा विचारलं, "काय करतेस गं तू पहाटे?"

मग ह्यांनीच मला बारचं, म्हणजे स्टीलच्या सळईचं काम दिलं, आणि ते सगळ्यात मोठं निघालं. आमच्याकडे ३२ एमएम व्यासाच्या ईएन-८ स्टीलच्या बारमधून एक पिन निघते, लांबी ४८ एमएम. वजनाचं सूत्र धंद्यात सगळ्यांना पाठ आहे, व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो, ३२ ला येतं ६.३२. आम्ही कोटेशनला लांबीत अंदाजे २ एमएम मिळवायचो आणि ३१६ ग्रॅम धरायचो, वर्षानुवर्षं. प्रत्यक्षात पार्टिंगला, म्हणजे पीस कापून वेगळा करायला ३ जातात, फेसिंगला, म्हणजे टोक सपाट करायला १, म्हणजे एका पीसला ५२, आणि तीन मीटरच्या बारचा शेवटचा ८० एमएमचा तुकडा बार धरणाऱ्या चकमध्ये राहतो तो वाया. एका बारमधून निघतात ५६ पीस, बारचं पूर्ण वजन त्यावर वाटलं की पीसला ३३९ ग्रॅम. ५,००० च्या ऑर्डरला ११३ किलो स्टील आम्ही पदरचं घालत होतो, आणि रिजेक्शन त्यात धरलेलंच नाही.

त्या सकाळी हे शेजारी खुर्ची घेऊन बसले. म्हणाले, जॉ (चकचे जबडे) बदलून तो ८० चा तुकडा ४५ वर आणता येईल, टाकून बघ. टाकलं, तरी पीस ५६च. म्हणाले, मग पार्टिंग टूल ३ च्या जागी २ चं लावलं तर? ५७ झाले! जॉ ला हात न लावता, फक्त एक एमएम बारीक टूल लावून. ५,००० ला ९० बार लागायचे तिथे ८८ लागले, दोन बार म्हणजे ३८ किलो प्रत्येक ऑर्डरला. सोळा वर्षं आम्ही दोघं एकाच गाळ्यात काम करतोय, पण एका स्क्रीनसमोर बसून एकच हिशोब दोघांनी मिळून केला असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

मग मी आमचे सगळे २३ पार्ट ह्यातून काढले, सेटिंगचा वेळ, सायकल टाईम (एका पीसला मशीनवर लागणारा वेळ), इन्सर्ट (टूलला लावायचे, बदलता येणारे धारेचे तुकडे), लाईटबिल सगळं धरून. सहा पार्ट तोट्यात होते. त्याच वेळी कस्टमर दरवर्षीप्रमाणे रेट पाच टक्के कमी मागत होता. आधी आम्ही काम जाईल ह्या भीतीने हो म्हणायचो, ह्या वेळी ह्यांनी हिशोबाचा कागद पुढे ठेवला. चार पार्टना रेट वाढवून मिळाला, दोन आम्ही सोडले. मशीन रिकामी असताना काम सोडायचं म्हणजे छातीत धडधड होते, पण तोट्यातलं काम मशीन चालू ठेवतं आणि घर रिकामं करतं, हे कागदावर दिसलं म्हणूनच ते धाडस झालं.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. गाळा बंद, दोन माणसं बीडला गेली, एक बिहारला, येणी अडकलेली. मी पहाटे प्रोग्रामला बसायचे तशी बसतच होते. तेव्हा प्रत्येक कस्टमर खरंच किती दिवसांनी पैसे देतो ते जुन्या बिलांवरून काढलं. कायद्याने छोट्या युनिटला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, आमची सरासरी ९४ निघाली. त्यावरून पुढच्या तीन महिन्यांत कुठल्या आठवड्यात किती येईल आणि किती जाईल ते मांडलं. सरकारच्या हमीवर बँका जुन्या कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत जादा कर्ज देत होत्या, ते पूर्ण घ्यायचं की अर्धं हे आम्ही त्या तक्त्यावरून ठरवलं आणि अर्धंच घेतलं.

सगळं सरळ झालं असं नाही. सासूबाई आजारी होत्या तेव्हा अकरा दिवस खंड पडला, रजिस्टरमध्ये ती पानं मी कोरीच ठेवलीयत. आणि बिलाचा प्रोग्राम लिहिला तेव्हा अधूनमधून एक रुपयाचा फरक यायचा, नेहमी नाही, कधीतरीच. ४,०१३.५० चे ४,०१४ बरोबर व्हायचे, पण ४,०१२.५० चे ४,०१२. तीन सकाळी डोकं लावल्यावर कळलं की पायथनचं राऊंड बरोबर मधल्या आकड्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं, आणि जीएसटी कायद्यात ५० पैसे किंवा जास्त असले की वरचा रुपया. ते पायथनमधलंच डेसिमल, ज्यात राऊंड कसं करायचं ते आपण सांगू शकतो, वापरून नीट केलं. तोवर गेलेली बिलं काढून बघितली, नऊ चुकली होती, नऊही कस्टमरना मी स्वतः फोन करून सांगितलं.

आता गाळ्यात तीन सीएनसी आहेत, कोटेशन दोन दिवसांऐवजी वीस मिनिटांत जातं, निम्मं काम गाड्यांबाहेरचं आहे, पंप आणि शेतीच्या अवजारांचं. चौथं रजिस्टर चालू आहे. सध्या इन्सर्टवर काम करतेय, इन्सर्टच्या एका कॉर्नरवर, म्हणजे एका धारेवर, किती पीस निघतात ते मशीन लावून देणारा आमचा सेटर रोज संध्याकाळी कागदावर लिहून देतो आणि म्हणतो, "वहिनी, आज बार जरा कडक होता, ते पण लिहा." अजून तीनशे नोंदीसुद्धा झाल्या नाहीत म्हणून त्यावरून काही ठरवत नाहीये, पण त्याचं म्हणणं बरोबर आहे, बार कुठल्या हीटचा, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या कुठल्या लॉटचा, ते सप्लायरच्या सर्टिफिकेटवर असतं. उद्या सकाळी तो हीट नंबरचा रकाना टाकायचाय.