गाळ कुठं टाकला?

नववीच्या अभ्याससहलीचा मार्ग मी स्वतः आखलेला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. जालन्याहून निघायचं, सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा बघून लोणारला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सरोवर बघून फर्दापूर. तिसरा दिवस अजिंठा, चौथा वेरूळ आणि रात्रीपर्यंत घरी. आमचे इतिहासाचे सर हिला वारसा सहल म्हणतात. माझ्या लेखी ही एकाच दगडाची सहल आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला लाव्हा, म्हणजे आपला काळा पाषाण, लोणारला उल्केनं फोडला आणि अजिंठा-वेरूळला माणसानं छिन्नीनं कोरला. भूगोल शिकवणाऱ्याला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, म्हणून आम्ही बुधवारी निघतो. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लेण्यांत तिकीट लागत नाही. तरीही दरवर्षी स्टाफच्या बैठकीत कुणीतरी वॉटर पार्कचा विषय काढतंच. मुलांना तेच आवडतं, असं सांगतात. मुलांना कुणी विचारलेलं नसतं.

गेल्या डिसेंबरात ३८ मुलं आणि आम्ही चार शिक्षक होतो. ज्याच्याबद्दल लिहितोय तो त्या अडतिसातला एक. नाव लिहीत नाही. माझ्या घटक चाचणीत त्याला २० पैकी ४ गुण होते. ‘बेसाल्ट खडकाची वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नाखाली त्यानं जागा कोरी सोडली होती. हजेरीही तुटक. सहलीचे पैसे त्याच्या आईनं दोन वेळा येऊन भरले होते, एवढं लक्षात होतं.

लोणारला पहिल्यांदा माझं त्याच्याकडे लक्ष गेलं. काठावरून खाली उतरताना मी थांबून सगळ्यांना सांगत होतो: खड्ड्याचा व्यास जवळपास १.८ किलोमीटर, पूर्वी वय बावन्न हजार वर्षं मानत, आता नव्या मोजणीनुसार ते पाच लाख सत्तर हजारांच्या घरात जातं. मुलांच्या हातात लोहचुंबक होते. मातीत फिरवला की काळे कण चिकटतात आणि मुलं ओरडतात, ‘उल्का, उल्का!’ दरवर्षी मला तो गैरसमज दूर करावा लागतो. काळ्या पाषाणात मुळातच मॅग्नेटाइट असतं, कुठल्याही ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवलात तरी हेच होईल. हे सांगितलं की मुलांचे चेहरे पडतात, पण खोट्या चमत्कारावर उभा केलेला भूगोल मला शिकवायचा नाही. हा मुलगा चुंबकाशी खेळत नव्हता. काठाच्या कातळाकडे बघत म्हणाला, “सर, थर तर आडवे असतात. इथं वर उचलल्यासारखे का झालेत?”

आघातानं काठाचे थर वर उचलले गेले, काही ठिकाणी पार उलटले. लोणारचा हा सगळ्यात मोठा पुरावा डोळ्यांसमोर असतो. इतक्या वर्षांत एकाही मुलानं त्याबद्दल आपणहून विचारलं नव्हतं.

शुक्रवारी अजिंठा. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर गर्दी, मंद उजेड, मागून पहारेकऱ्याचं ‘पुढे चला, पुढे चला’. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कामाला माणशी दीड मिनिट. आमच्या चित्रकलेच्या बाईंनी बाहेरच मुलांना सगळं सांगून ठेवलं होतं: कातळावर माती, भुसा, गवत यांचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा लेप, तो वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, काजळी. फक्त निळा तेवढा लांबून आलेला, अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडाचा. बाईंची ही दहा मिनिटं म्हणजे सहलीतला सगळ्यात सुंदर तास होता आणि त्यांचं नाव अहवालात येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

चौथं लेणं सगळ्यात मोठा विहार. तिथे काम चालू असतानाच छताचा थर निखळला आणि कारागिरांनी छत आणखी वर नेऊन घेतलं. मी हे सांगून पुढे निघालो. मोजदाद केली तर एक कमी. मागे आलो. तो छताकडे बघत उभा होता.

“सर, इथं मांजऱ्या लागला असंल.”

“काय लागलं?”

“मांजऱ्या. भोकाभोकाचा दगड. घण मारला की पोकळ वाजतो. त्याच्या खाली बसायचं नसतं.”

लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर मी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. त्याच्याकडे त्या थराचं नाव होतं, त्याचा आवाज होता आणि त्याच्यापासून जपायचं कसं, हेही होतं. माझ्या प्रश्नपत्रिकेत ‘मांजऱ्या’ लिहायला जागा नव्हती.

मग चोविसावं. हे लेणं अर्धवट राहिलेलं आहे. चित्र नाही, मूर्ती जेमतेम, म्हणून लोक तिथे थांबत नाहीत. मी मुद्दाम थांबवतो, कारण लेणं कसं कोरत हे तयार लेण्यात दिसत नाही, अर्धवटात दिसतं. बाकीची मुलं ओसरीत पाणी पीत बसली. तो मला हाताला धरून आत घेऊन गेला म्हणालो तरी चालेल.

“आधी छत केलंय बघा. छत पुरं करूनच खाली उतरलेत. डोक्यावर कच्चं काम ठेवून खाली कुणी जात नाही. मग चर मारलेत, शेजारी शेजारी. मधली भिंत ठेवायची आणि नंतर पाडायची. दगडाला तोंड करून दिलं की तो सुटतो. तोंड नसलं तर नुसता घण वाया.”

मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? त्यानं आधी बाहेर ओसरीकडे पाहिलं. मग हळू म्हणाला, “वडील विहिरी खांदतात. सुट्टीत मी यारीवर असतो.”

यारी म्हणजे विहिरीच्या तोंडावर बसवलेलं ते उचलयंत्र, खालचा फोडलेला दगड बाहेर काढायला. त्याच्या तुटक हजेरीचा अर्थ मला तिथे, त्या अंधारात कळला. चौदा वर्षांच्या मुलानं तिथे असू नये, हेही कळलं. पण त्या क्षणी मला फक्त आनंद झाला होता. त्यानं ओसरीकडे का पाहिलं, याचा विचार मी केला नाही.

रात्री वेरूळला मुक्काम. जेवणं चालू होती. तीनचार मुलं एका मोबाइलवर व्हिडिओ बघत होती: कैलास लेणं माणसांनी कोरलंच नाही, परग्रहावरून आलेल्यांनी यंत्रानं कापलं. एक म्हणाला, “सर, दोन लाख टन दगड! माणसाला जमेल का?”

असल्या व्हिडिओंची मला मनापासून चीड आहे. आपल्या कारागिरांचं श्रेय आकाशातून आलेल्या कुणालातरी देऊन टाकायचं आणि त्याला ज्ञान म्हणायचं. मी उठून उभा राहिलो. सांगितलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. बडोद्याच्या ताम्रपटात लिहिलंय की हे मंदिर पुरं झाल्यावर घडवणाऱ्या शिल्पीलाच आश्चर्य वाटलं, आपण हे कसं केलं म्हणून. माणूसच असं म्हणतो. आणि मग त्याच भरात त्याच्याकडे हात करून म्हणालो, “माणसाला जमतं का, ते याला विचारा. याचे वडील ह्याच दगडात पन्नास-साठ फूट विहिरी खोदतात. हा स्वतः यारीवर काम करतो.”

मला वाटलं टाळ्या पडतील. दोघातिघांनी वाजवल्याही. त्याचा हात ताटातच थांबला. मान खाली. मागच्या ओळीत कुणीतरी हसलं. चित्रकलेच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. मी समजलो की सगळं छान झालं.

शनिवारी कैलास. सहलीतली ही माझी सगळ्यात लाडकी जागा. आधी बाजूच्या डोंगरावरून वर न्यायचं, मुलांना कड्यावरून खाली बघू द्यायचं आणि मगच आत. वरून बघितल्यावर कळतं की तिन्ही बाजूंनी खंदक खोदून मधे कातळाचा ठोकळा सोडला आणि तो शिखरापासून खाली कोरत आणला. अंगण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, मागचा कडा १०७ फूट. चूक करायला वावच नाही, कारण काढलेला दगड परत लावता येत नाही. मी मुद्दाम तीनदा त्याच्याकडे वळून विचारलं, “काय रे, तुला काय वाटतं?” तिन्ही वेळा तो म्हणाला, “माहीत नाही सर.” रांगेत तो शेवटी चालत होता. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला. इतिहासाच्या सरांनी सगळ्यांना राजांची वंशावळ पाठ करायला लावली. तीही त्यानं म्हटली नाही.

पुढच्या आठवड्यात मी सहलीच्या अभ्यासपत्रिका तपासत होतो. शेवटचा प्रश्न असतो: ‘तुम्हाला पडलेला एक प्रश्न लिहा.’ बहुतेकांनी रंग कसे टिकले, किती वर्षं लागली, असं लिहिलं होतं. त्याच्या पत्रिकेवर बाकी सगळं कोरं, आणि तळाशी पेन्सिलनं एक ओळ: गाळ कुठं टाकला?

विहीर खोदणारे गाळ म्हणतात तो फोडलेल्या दगडाचा राडा. विहिरीत निम्मं काम फोडण्याचं आणि निम्मं तो वर काढून टाकण्याचं. दोन लाख टनांचा आकडा मी इतकी वर्षं मुलांना तोंडात बोटं घालायला लावण्यासाठी सांगत आलो. तो दगड उचलून कुठेतरी न्यावा लागला असेल, कुणाच्या तरी डोक्यावरून, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत त्याला व्हरांड्यात गाठलं. पत्रिका दाखवली. म्हणालो, तूच सांग. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “डोंगर उताराचा आहे सर. समोरून तोंड उघडं आहे. तिकडून ओढत काढला असंल. विहिरीवानी वर नसंल काढावा लागला.”

“हे तू तिथे का नाही बोललास?”

त्यानं पटांगणाकडे पाहिलं. तिथे त्याच्याच वर्गातली मुलं क्रिकेट खेळत होती.

“सर, पोरं मला आता यारी म्हणतात.”

मी काही बोलायच्या आत पटांगणातून हाक आली, त्याच नावानं. तो गेला.