बकेट उघडी होती, किल्ली आतच होती

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या पुण्याच्या ऑफिसात टेस्टिंग टीमचा फोन आला. जर्मन क्लायंटच्या ग्राहकांचा, टेस्टिंगसाठी घेतलेला बॅकअप ज्या क्लाउड बकेटमध्ये (इंटरनेटवरच्या साठवणीच्या कप्प्यात) होता, ती कोणालाही उघडता येत होती. नावं, पत्ते, ईमेल, काहींचे बँक खाते क्रमांक. टेस्टिंगला खरा डेटा वापरायचाच नसतो, तो याचसाठी.

"७२ तास आहेत," असं लगेच कोणीतरी म्हणालं. ते आपले नाहीतच. जीडीपीआर या युरोपच्या डेटा-संरक्षण कायद्याच्या कलम ३३ मधले ७२ तास कंट्रोलरचे, म्हणजे डेटा कशासाठी वापरायचा हे ठरवणाऱ्या क्लायंटचे. तेवढ्यात त्यांनी पर्यवेक्षक संस्थेला कळवायचं, शनिवार-रविवार धरून. आपण प्रोसेसर, म्हणजे त्यांच्या वतीने डेटा हाताळणारे. आपण क्लायंटला विनाविलंब सांगायचं. करारात तर २४ तासच होते.

एक इंजिनिअर बकेटच डिलीट करायला निघाला होता, त्याला थांबवलं. आधी सार्वजनिक प्रवेश बंद, मग सेटिंग्ज आणि लॉगची, म्हणजे बकेटमधल्या हालचालींच्या नोंदींची प्रत. लॉगमध्ये मात्र कोणती फाइल कोणी उतरवली हे नव्हतंच. ती नोंद बऱ्याचदा मुद्दाम सुरू करावी लागते, इथे ती बंद होती. त्यामुळे "कोणी पाहिलं नाही" म्हणायला आधार उरला नाही. बॅकअपची फाइल एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी होती खरी, पण किल्ली त्याच बकेटमधल्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये! मग त्या एन्क्रिप्शनचा उपयोग शून्य.

वरिष्ठांचं म्हणणं, पूर्ण तपास करून सोमवारी कळवू. आपण सांगेपर्यंत क्लायंटचे तास सुरूच होत नाहीत. हा युक्तिवाद धोकादायक आहे. डिसेंबर २०२० मध्ये आयर्लंडच्या नियामकाने ट्विटरला साडेचार लाख युरो दंड केला, तो याच प्रकारात. ट्विटरच्याच अमेरिकेतल्या प्रोसेसर कंपनीने डब्लिनच्या कंट्रोलर कंपनीला उशिरा कळवलं, ही सबब तिथे चालली नाही. शिवाय कलम ३३ मोडल्याचा दंड प्रोसेसरलाही होतो: कमाल १ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या २ टक्के, यांतली मोठी रक्कम.

त्याच रात्री मेल गेला: काय घडलं, कधीपासून, कोणत्या प्रकारचा डेटा, अंदाजे किती व्यक्ती, किती नोंदी, काय उपाय केले. व्यक्ती आणि नोंदी वेगळ्या मोजाव्या लागतात. एकच ग्राहक अनेक बॅकअपमध्ये असतो. राहिलेली माहिती नंतर टप्प्याटप्प्याने देता येते. क्लायंटने रविवारी त्यांच्या राज्याच्या पर्यवेक्षक संस्थेकडे सूचनेचा फॉर्म भरला आणि खाते क्रमांक उघडे पडल्यामुळे कलम ३४ नुसार त्या ग्राहकांना थेट पत्रं पाठवायला घेतली.