वाचनाची खबरबात : मास्तरीणबाई, माउंटी आणि डॉक्टर मॅकनील

मंडळी, पावसाळ्याच्या तोंडावर ठरवलं होतं की ख्रिश्चन हिस्टॉरिकल रोमान्समधलं ते प्रेअरी (अमेरिकेतली माळरानं) आणि छकडागाड्यावालं सगळं जरा बाजूला ठेवायचं आणि फक्त १९०० ते १९२० चा काळ वाचायचा. तर कुठवर आलेय ते सांगते.

जॅनेट ओकचं 'व्हेन कॉल्स द हार्ट' (१९८३) झालं. टोरांटोच्या खात्यापित्या घरातली एलिझाबेथ अल्बर्टात शिकवायला जाते आणि जातानाच पक्कं ठरवते की तिकडच्या रांगड्या गड्याशी लग्न करायचं नाही, म्हणजे काय होणार ते आपल्याला तिथेच कळलं. यावरची सिरीयल बघून आलेल्यांना आधीच सांगते, यात तिथला हिरो जॅक नाही, यात विन डिलेनी हा माउंटी, म्हणजे कॅनडाचा घोडेस्वार पोलीस, आहे आणि तो जास्त गप्प आहे. विन म्हणतो माउंटीचं आयुष्य बायकोला झेपणारं नाही, म्हणून लग्नच नको. यावर बरेच जण वैतागतात की उगाच ताणलंय, पण त्या काळी माउंटीला लग्न करायचं तर खरंच वरिष्ठांची परवानगी काढावी लागायची, पोस्टिंग कुठल्या कोपऱ्यात पडेल याचा नेम नाही, त्यामुळे मला त्याचं बरोबर वाटलं. पुस्तक गोड आहे, पटकन संपतं, पण देवाचा भाग मात्र सरळसोट, कुठे खडाच लागत नाही.

आणि मग 'क्रिस्टी'. कॅथरीन मार्शल, १९६७. ख्रिश्चन कादंबऱ्यांना मिळणाऱ्या क्रिस्टी अवॉर्डचं नाव याच पुस्तकावरून पडलंय, तरी आपल्यातल्या निम्म्या लोकांनी हे वाचलेलं नसतं, का ते देव जाणे. साल १९१२, एकोणीस वर्षांची क्रिस्टी ॲशव्हिलचं घर सोडून टेनेसीच्या डोंगरात मिशनच्या शाळेत जाते, शेवटचे सात मैल पोस्टमनबरोबर बर्फातून पायी. एका खोलीत सदुसष्ट पोरं, बरीचशी जानेवारीत अनवाणी, आणि शाळेच्या जमिनीखाली डुकरं, म्हणजे वर धडा चाललाय आणि खालून घुरघुर. लेखिकेने स्वतःच्या आईच्या अनुभवावरून लिहिलंय, म्हणून असेल, पण गरिबी इथे पडद्यासारखी मागे टांगलेली नाही. टायफॉइड येतो तेव्हा पाणी कुठून भरतात, संडास कुठे आहे, इथपर्यंत सगळं येतं, आणि प्रार्थना करूनही माणसं मरतातच.

('क्रिस्टी' न वाचलेल्यांनी हा परिच्छेद सोडा.) फेअरलाइट जाते तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. वाचायला शिकायचं म्हणून हावरी झालेली ही डोंगरातली बाई, क्रिस्टीची जिवाभावाची मैत्रीण, आणि तीच जाते, मग क्रिस्टीचा देवाशी जो उभा दावा सुरू होतो तो या जॉनरमध्ये फार कमी वाचायला मिळतो. मिशनमधली मिस ॲलिस, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची बाई, तिला उपदेश पाजत बसत नाही हे तर मला फारच आवडलं. क्रिस्टीने डेव्हिडला निवडावं की डॉक्टर नील मॅकनीलला, या भांडणात माझं मत नीलला. डेव्हिड पाद्री असून नक्की कशावर विश्वास आहे ते त्यालाच सांगता येत नाही, आणि नील देवाला नाही म्हणतो ते निदान तोंडावर म्हणतो, म्हणून शेवटी तो प्रार्थना करतो तेव्हा ती खरी वाटते. गंमत म्हणजे लेखिकेच्या खऱ्या आईने लग्न केलं ते पाद्र्याशीच!

आता माझा मुद्दा. या कादंबऱ्यांत हिरोने विश्वास ठेवल्याशिवाय लग्न होत नाही, बायबलच्या दुसऱ्या करिंथकरांसमधलं ते विजोडवालं वचन (विश्वास न ठेवणाऱ्याशी जोडी जमवू नका) सगळ्यांच्या डोक्यात असतं, हा जॉनरचा नियम आहे आणि तो मला मान्यच आहे. पण बऱ्याच ठिकाणी हिरो चर्चमध्ये येतो, एक प्रवचन ऐकतो, रडतो, संपलं. आपण 'स्मृतिचित्रे' वाचलेली माणसं, आपल्याला हे कसं पटणार? कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० ला, मधली वर्षं घर दुभंगलेलं, सोवळंओवळं, रडारड, रुसवे, आणि बाई ते सगळं हसत हसत सांगतात. त्याच्यापुढे कुठलाही हिरो अडतिसाव्या प्रकरणात बदलला की मी भुवया उंचावते.

सध्या हातात ग्रेस लिव्हिंगस्टन हिलचं 'द एन्चांटेड बार्न' (१९१८). बाईंनी हे त्याच काळात लिहिलंय, त्यामुळे ट्रॉली, टायपिंग, भाड्याची कटकट हे रिसर्च केल्यासारखं वाटत नाही, रोजचंच आहे. शर्ली स्टेनोग्राफर, शहरातलं घर पाडणार, आई आजारी, तर ही एक दगडी गोठाच भाड्याने घेते, आणि मालकाचा मुलगा गुपचूप तिथे फायरप्लेस बांधून देतो. मला ही दुरुस्तीच रोमान्सपेक्षा जास्त आवडतेय, खरं सांगते. पुढे शॉर्टहँडमधल्या गुप्त मजकुरापायी शर्लीला पळवून वगैरे नेतात, तिथे जरा सिनेमा होतो, चालायचंच. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे.

यानंतर १९१८ च्या फ्लूच्या साथीवरचं काहीतरी हवंय, नायिका नर्स असली तर उत्तम. सुचवा, पण हिरो एका प्रवचनात बदलणारा असेल तर आधी सांगा.