आमची वाटचाल : लग्नाच्या शूटिंगपासून कॅसेट ट्रान्सफरपर्यंत

लातूरला गंजगोलाईपासून जवळच आमचं दुकान. सुरुवात लग्नाच्या शूटिंगनं झाली, पॅनासॉनिकचा एम ९००० कॅमेरा खांद्यावर घेतला की वरात आपोआप बाजूला सरकायची तो जमाना. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, लगनसराईत कुठं कुठं नाही गेलो. पुढं मिनी डीव्ही, म्हणजे छोटी डिजिटल कॅसेट आली, मग मेमरी कार्ड, मग घरटी मोबाईल आला आणि छोट्या कार्यक्रमांचं शूटिंग बसलंच म्हणा. पण त्याच टायमाला लोकं जुन्या कॅसेटी घेऊन यायला लागले, दादा आमच्या लग्नाची हाय, पेनड्राईव्हमध्ये करून द्या, घरात व्हीसीआरच राहिला नाही. आज दुकानाचं भाडं ह्याच कामातून निघतं.

दिसायला सोपं काम. व्हीसीआर लावायचा, वायर जोडायची, रेकॉर्ड दाबायचं. खरं दुखणं फ्रेम पडण्याचं. आपल्याकडं टीव्ही-व्हिडिओची पाल सिस्टीम, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं. त्यातल्या काही उचलायच्या राहिल्या आणि सॉफ्टवेअरनं सांभाळून घेतलं नाही तर चित्र कमी भरतं, आवाज मात्र पुरा येतो. मग तासाभरानं गुरुजींचं "सावधान" ऐकू येतं तोवर अक्षता पडून गेलेल्या असतात. गिऱ्हाईक ते बघून हसत नाही, पैसे देताना कां कूं करतं.

मिनी डीव्हीच्या काळात दोष बहुतेक वेळा कॉम्प्युटरचाच निघायचा. खरं तर फायरवायर नावाच्या केबलनं कॅमेऱ्यातून डीव्ही घेताना मागणी फार नसते, सेकंदाला साडेतीन एमबीच्या आसपास, तासाला १३ जीबी, जुनी हार्ड डिस्कपण तेवढं झेलते. तरी फ्रेम उडायच्या. घरचा विंडोज एक्सपीवाला पीसी असला की त्यात एक छुपा आजार असायचा, डिस्कची केबल खराब होऊन सारखे एरर आले की विंडोज न सांगता डीएमए (डिस्कचा डेटा परस्पर मेमरीत नेणारी सोय) बंद करून डिस्क जुन्या, हळू पीआयओ मोडवर टाकतं आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन बघितल्याबिगर कळत नाही. केबल बदलायची, तिथंच डिस्कच्या जोडणीची आयडीई चॅनेल नावाची नोंद अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करायची, की गाडी रुळावर. कॅप्चरला, म्हणजे टेपवरचं कॉम्प्युटरात उतरवायला, वेगळी डिस्क, अँटिव्हायरस बंद, स्क्रीनसेव्हर बंद, नेटची वायर काढलेली, ही तर रोजची पूजा. आणि डिस्क फॅट ३२ ह्या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असली तर फाईल ४ जीबीच्या पुढं जातच नाही, डीव्हीत तेवढं वीसेक मिनिटांत भरतं, म्हणजे कॅप्चर ऐन सप्तपदीत अडकायचं. डिस्क एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केली की ते मिटलं.

व्हीएचएसचं, म्हणजे व्हीसीआरमध्ये चालणाऱ्या जुन्या मोठ्या कॅसेटीचं गणित निराळं. कॉम्प्रेस न करता घेतलं तर सेकंदाला वीस एमबी, तासाला ७५ जीबीच्या घरात. त्यात लोकं स्वस्तातली यूएसबी कॅप्चर स्टिक (व्हीसीआरची वायर कॉम्प्युटरला जोडणारी) आणि एक्स्टर्नल डिस्क एकाच हबला लावतात, मग फ्रेम उडणारच की. दोन्ही थेट मशीनला लावा, आणि हफवाययूव्हीसारखा कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळून छोटा करणारं सॉफ्टवेअर, लावला तर क्वालिटी न जाता भार बराच कमी होतो.

एवढं करूनही फ्रेम पडल्या तर आमची एकच चाचणी. तोच तुकडा परत चालवायचा. फ्रेम दर वेळी वेगळ्या जागी पडल्या तर कॉम्प्युटर बघा, त्याच जागी पडल्या तर कॅसेट बघा. निलंग्याकडच्या एका ताईंच्या कॅसेटीत दर वेळी मंगलाष्टकांच्या मधेच पडलेल्या फ्रेमचा आकडा चढायचा, सोबतचा भाचा म्हणत होता मामा तुमचा पीसी जुना झालाय, नवा घ्या. त्याच्यासमोर कॅसेटीचं झाकण उचललं, टेपच्या खालच्या कडेला बोटभर चुणी. कधीतरी व्हीसीआरनं टेप चावलेली. तिथं सिंक सिग्नल (चित्राची वेळ सांभाळणारा) डळमळतो आणि कॅप्चर कार्डाला फ्रेम कुठं सुरू झाली तेच कळत नाही, पीसी कितीबी भारी आणा. कॉपीची कॉपी असलेल्या कॅसेटीत तर हे जागोजागी असतं. त्यावर उपाय टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळता सिग्नल सरळ करणारं मशीन, ते महाग, पण काही डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि पीसीच्या मधे जोडले तरी सिग्नल बराच सरळ होतो. सगळे नाही, आमच्याकडं एक जुनं मॉडेल आहे ते जिवापाड जपतो.

आपल्याकडं कोकणासारखी दमट हवा नाही, तरी बुरशी लागलेल्या कॅसेटी येतात. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरं दिसलं तर कृपा करून घरी चालवू नका, व्हीसीआरच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागून ती दुसऱ्या कॅसेटींना जाते. आणि माळ्यावर पत्र्याखाली ट्रंकेत ठेवू नका, मे महिन्यात काय होतं ते आपल्याला सांगायला नको. लाईटचा भरवसा नाही म्हणून आम्ही पीसीसोबत व्हीसीआरपण यूपीएसवर घेतलाय.

आता अडचण मशीनची. २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या, जपानच्या फुनाई कंपनीनंही ते थांबवलं, नवीन मिळायचा प्रश्नच संपला. हेड झिजलं की दुसऱ्या मशीनमधून काढून बसवतो. त्यामुळं तुमच्याकडं बंद पडलेला व्हीसीआर असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी दुकानात दाखवा, चालत नसला तरी चालेल, योग्य पैसे देऊ, फक्त आत अडकलेली कॅसेट ओढून काढू नका, ती आम्ही काढतो.