आत्याचा फ्लॅट आणि ‘लायसेन्सी’ हा शब्द

मागच्या महिन्यात आत्याचा कोथरूडचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. हिंजवडीला कामाला जाणारी दोन मुलं आली होती, बोलायला चांगली वाटली, डिपॉझिट ठरलं, भाडं ठरलं आणि एजंटने ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट व्हॉट्सॲपवर पाठवला. आत्याने तो चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि मला फोन केला, “अगं यात भाडेकरू हा शब्दच नाहीये, भाडं पण नाही, सगळीकडे लायसेन्सर, लायसेन्सी, लायसेन्स फी, मी काय दारूचं दुकान काढतीये का?”

मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते त्यामुळे घरातले असे प्रश्न माझ्याकडेच येतात. लायसेन्सला आपण परवाना लिहितो, सरकारी मराठीत अनुज्ञप्ती, देणारा तो लायसेन्सर, घेणारा तो लायसेन्सी, पण एवढं सांगून आत्याला काय कळणार होतं. आपला कायदा इंग्लंडच्या कॉमन लॉच्या घराण्यातला, आणि तिथे शब्दाचा अर्थ कोणा एका न्यायाधीशाने कुठल्यातरी भांडणात काय म्हटलं त्यावरून ठरत जातो, पुढचे न्यायाधीश तो धरून चालतात, कधी थोडा इकडेतिकडे करतात आणि मग कधीतरी तो कलमात लिहिला जातो. इंटरेस्ट म्हणजे व्याज नाही, जागेतला हक्काचा वाटा. कन्सिडरेशन म्हणजे विचार नाही, मोबदला. भाषांतर करायला बसलं की आधी त्या शब्दामागचा खटला शोधावा लागतो, निदान मी तरी शोधते.

आणि गंमत म्हणजे आत्याचं दारूचं दुकान अगदीच चुकलं नव्हतं. थॉमस विरुद्ध सॉरेल म्हणून इंग्लंडमधला १६७३ सालचा निकाल आहे, तो वाइन विकायच्या परवान्यावरूनच होता. त्यात मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी सांगितलं की लायसेन्सने वस्तूत कसलाही हक्क मिळत नाही, मालकी इकडची तिकडे होत नाही, फक्त एरवी जे बेकायदा ठरलं असतं ते कायदेशीर होतं. बास, एवढंच. जवळजवळ हाच अर्थ १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टच्या कलम ५२ मधे आला आणि तो कायदा १८९१ मधे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. म्हणजे ती दोन मुलं आत्याच्या फ्लॅटमधे राहिली तर ते घुसणं ठरणार नाही इतकंच त्यांना मिळालं, जागेत त्यांचा काही हक्क तयार झाला नाही. लीज म्हणजे भाडेपट्टा वेगळा, त्यात जागा वापरायचा हक्कच काही काळापुरता समोरच्याकडे जातो, ते १८८२ च्याच ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम १०५ मधे आहे.

आत्याने हे ऐकून घेतलं आणि वकिलाने विचारावा असा प्रश्न विचारला. “मग मी देणार भाड्यानेच, वर नाव लायसेन्स लिहिलं की झालं का?”

हाच प्रश्न १९८५ मधे इंग्लंडमधे हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वात वरच्या कोर्टासमोर होता, स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड. मालक स्वतः सॉलिसिटर म्हणजे वकील, त्याने मिसेस माउंटफर्डना आठवड्याला ३७ पाउंडांवर खोल्या दिल्या, कागदावर लायसेन्स लिहिलं, आणि तिथला भाडे कायदा आपल्याला लागू नाही असं तिच्या सहीने लिहून घेतलं. न्यायाधीश लॉर्ड टेम्पलमन यांनी ते मानलं नाही. खोली पूर्णपणे तिच्या एकटीच्या ताब्यात आहे, ठराविक मुदतीसाठी आहे, ती पैसे देते, मग ती भाडेकरूच. त्यांनी दाखला अवजाराचा दिला, की पाच दात्यांचं खणायचं हत्यार बनवलंत तर ते दाताळंच, तुम्ही कितीही सांगा की मी फावडं बनवलंय. आपल्या सुप्रीम कोर्टाने तर हे त्याच्याही आधी, १९५९ मधे, दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातल्या केस कापायच्या दुकानाच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं म्हणणं, कागदाचं नाव बघू नका, आतला व्यवहार बघा, दोघांचा हेतू काय होता ते बघा.

आत्या घाबरली. तिचं घाबरणं मला कळतं, आमचा नारायण पेठेतला वाडा तिने बघितलाय, तिसऱ्या पिढीचे भाडेकरू, भाडं इतकं की पन्हाळीचा पत्रासुद्धा बदलून होत नव्हता, आणि दुसरीकडे त्याच भाडेकरूंना, भाडं वाढवण्यावर आणि घराबाहेर काढण्यावर बंधन घालणाऱ्या १९४७ च्या बॉम्बे रेंट ॲक्टचं संरक्षण नसतं तर त्यांची पोरं शहरात शिकलीच नसती, हेही खरंच. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. मग मालकांनी भाडेकरू टाळायला लिव्ह अँड लायसेन्स, म्हणजे नुसत्या परवानगीचा करार, काढलं तर १९७३ मधे कायदाच बदलला, १ फेब्रुवारी १९७३ ला चालू करारावर जागेत असलेले लायसेन्सी भाडेकरू मानले गेले. तीच माणसं, तीच खोली, रात्रीत शब्द बदलला आणि सगळं बदललं.

पण इथेच थांबलं तर आत्याला चुकीचा सल्ला दिल्यासारखं झालं असतं, आणि इंग्लिश निकाल वाचून लोक नेमकं तेच करतात. कारण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४. राहायला दिलेल्या जागेची लायसेन्सची मुदत संपली की मालकाला ताबा परत मागता येतो, जागा सोडली नाही तर लायसेन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई, आणि खाली स्पष्टीकरणात लिहिलंय की लेखी लायसेन्स करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा. निर्णायक हाही कायद्याचा शब्द. नुसता पुरावा असता तर समोरचा उलट पुरावा देऊ शकला असता, निर्णायक म्हटल्यावर तो दरवाजा बंद. म्हणजे लॉर्ड टेम्पलमनचं दाताळं इथे कागदावर फावडं लिहिलं असेल तर फावडंच धरायचं. भाषांतरात ‘निर्णायक’ गाळून नुसतं ‘पुरावा’ लिहिलेले मसुदे मी बघितलेत, आणि त्या एका शब्दापायी माझा जीव कासावीस होतो.

करार अकरा महिन्यांचाच का करतात, ते पण तिने विचारलं. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या रजिस्ट्रेशन ॲक्टने सक्तीची, म्हणून अकराची सवय पडली. महाराष्ट्रात त्याचा उपयोग नाही, १९९९ च्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसेन्स कितीही महिन्यांचं असो नोंदवावंच लागतं, जबाबदारी मालकाची, आणि नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत.

रविवारी करार नोंदवायला थम घेणारा माणूस मशीन घेऊन घरी आला, सगळ्यांचे अंगठे झाले, फोटो झाले. आत्याकडे दुसरी किल्ली होती. बाल्कनीत तिच्या कुंड्या आहेत, सोनचाफा आणि गवती चहा, ती म्हणाली लायसेन्स आहे ना, मग मी पाणी घालायला केव्हाही जाऊ शकते की. मी तिला करारातली ओळ दाखवली, आधी कळवून, सोयीच्या वेळी. तिने ती ओळ त्या मुलांनाही मराठीत वाचून दाखवली आणि मग विचारलं, “रविवारी सकाळी साडेनऊ चालेल का रे?”